एक्सलमधलं दूध

"लिवून द्या म्याडम, तेलात पानी मिसळलेला हाय. खाली तुमचा शिक्का मारा. बाकीचा आमी बघतो."

हरेश्वर नाखवांनी पाण्याची प्लास्टिकची बाटली माझ्या टेबलावर आपटली. बाटलीत पांढरट, घट्टसर काहीतरी होतं. जेवणाच्या पानाशेजारी ठेवली असती तर कुणीही मठ्ठा समजून ग्लासात ओतून घेतलं असतं. ते त्यांच्या सोसायटीच्या पिकअपच्या मागच्या एक्सलमधलं, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आसामधलं, गिअर ऑइल होतं. चांगलं गिअर ऑइल मधासारखं दिसतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. याला वास तेवढा उरला होता.

मी नोकरीभर एका तेल कंपनीच्या टेक्निकल सर्व्हिसमध्ये होते. कुठल्या मशिनमध्ये कुठलं तेल घालायचं ते सांगायचं, आणि तेल बिघडलं तर का बिघडलं ते शोधायचं, हे माझं काम. रिटायर झाल्यावर पनवेलला आमच्याच बिल्डिंगच्या गाळ्यात छोटीशी लॅब टाकली. ट्रकवाले, क्रेनवाले, डंपरवाले बाटल्या घेऊन येतात, मी तपासून सांगते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझे जुने साहेब म्हणायचे. खोटं नाही. पण या प्रकरणात मी जितकी चिडले तितकी नोकरीतसुद्धा कधी चिडले नव्हते. आजही आठवलं की डोकं तापतं.

"कोणाचं काय बघणार आहात?" मी विचारलं.

"डायवरचा. दत्ताचा. चोर हाय तो."

दत्ताराम बाहेर उन्हात पिकअपला टेकून उभा होता. त्याला आत यायला कोणी सांगितलं नव्हतं.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. हे हरेश्वर नाखवा खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. सोसायटीने एक फोर-बाय-फोर पिकअप सेकंडहँड घेतली होती. फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद जाते, त्यामुळे चिखलात रुतत नाही. आधीचा मालक शहरातला हौशी माणूस. सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊन चिखल उडवायला त्याने ती उंच करून घेतली होती, जाडजूड टायर घातले होते. हौस फिटल्यावर विकली. सोसायटीला मात्र ती कामाला हवी होती. बर्फ आणायचा, मासळी न्यायची, आणि होडी दुरुस्तीला काढायची झाली की रॅम्पवरून मागे मागे पाण्यात उतरून तिला वर ओढायची.

"आमी भारीतला तेल आनतो," नाखवा सांगू लागले. "काय दिवसांनी खोलला की हे दूध. परत नवा घातला, परत दूध. याचा अर्थ काय? चांगला तेल हा विकतो, नि काळा तेल नि पानी भरतो."

मी तेलाचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. तडतडला. म्हणजे पाणी आहे. थोडं पाणी वेगळं काढून मिठाची चाचणी केली. खारं निघालं. नळाचं नाही, खाडीचं पाणी.

"झाला ना मंग!" नाखवांनी मांडीवर थाप मारली. "जेट्टीवरच हुबा असतो. खाडीतलाच भरला असनार."

"त्याला विचारलंत?"

"इचारला. देवळात सगळ्यांसमोर इचारला. बोललो, पोरीच्या डोक्यावर हात ठेव नि सांग चोरी नाय केली. नाय ठेवला हात. संपला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पोरीच्या म्हणजे?"

"त्याची पोर. पयलीत हाय. बोलावून आनलेली."

पहिलीतल्या मुलीला घरून बोलावून आणून देवळात उभी केली होती. सगळा कोळीवाडा भोवती, मधे ती, आणि तिचा बाप तिच्या डोक्यावर हात ठेवतो की नाही हे सगळे बघत होते. एक्सलमधल्या तेलासाठी. माझ्या हातातली काचेची नळी मी स्टँडला लावून ठेवली, नाहीतर फुटली असती.

बाहेर गेले. दत्ताला विचारलं, "का रे, का नाही ठेवलास हात?"

तो सरळ उभा राहिला. "म्याडम, माज्यावर शपत घ्यायची तर पायजे तेवड्या वेळा घेतो. खाडीत हुबा राहून घेतो. पोरीवर नाय. ती काय गारीचा पार्ट हाय?" मग म्हणाला, "खोटा असतो तर ठेवला असता. खोट्याला हात ठेवायला काय लागतंय?"

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. तिथे त्याला कामावरून काढायचं ठरलं होतं, आणि त्यावर माझा शिक्का हवा होता. एकदा कागदावर 'तेलात भेसळ' असं आलं की खाडीच्या अलीकडे-पलीकडे कुठल्याही गावात त्याच्या हातात कोणी गाडीची चावी दिली नसती.

मी नाखवांना सांगितलं, "मी बाटलीवर शिक्का मारत नाही. गाडी दाखवा. तुमचा गॅरेजवाला कुठे असतो?"

"कळंबोलीला."

"चला तिकडे. आत्ता."

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे ट्रकांच्या रांगेत खोपकरचं गॅरेज. माणूस हाताचा चांगला. ट्रकचा गिअरबॉक्स डोळे मिटून उतरवील. पण दारातच एक मोठा ड्रम, त्याला हातपंप लावलेला, आणि ड्रमवरची अक्षरं काळ्या थराखाली कधीच गडप झालेली.

"काय आहे यात?"

"नव्वद नंबर, मॅडम."

गिअर ऑइलला नंबर असतात. नंबर मोठा तर तेल जाड, एवढं साधं धरून चाला.

"हे कुठे कुठे घालतोस?"

"मागच्या एक्सलमधे नाखवा देतात ते भारी तेल. बाकी पुढचा एक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, सगळीकडे हे." खोपकर हसला. "आता मागे एकशेचाळीस टाकतो बघा. एवढं जाड, की पाणी शिरायची हिंमत करणार नाही."

"जाड तेलाला पाणी घाबरतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"अनुभव आहे मॅडम. आणि तेल ते तेल."

"तेल ते तेल? मग घरी भजी एरंडेलात तळत जा. तेलच आहे."

खोपकरचं हसू गेलं. बरं झालं. मला हसणारा माणूस त्या क्षणी नको होता.

हे मी थोडं सोपं करून सांगते, कारण चुका इथेच होतात. अशा पिकअपमध्ये इंजिनची ताकद आधी गिअरबॉक्सकडे जाते. तिथून ट्रान्सफर केस नावाच्या पेटीत. ती पेटी ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटून देते. एक्सलच्या मध्यावर जो गोल फुगवटा दिसतो त्याच्या आत मोठे दाते असतात, ते ताकद वळवून चाकांना देतात. हे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. म्हणून तिथल्या तेलात दाब सोसायची जालीम औषधं घातलेली असतात. डब्यावर GL-5 लिहिलेलं असतं ते हेच. तेच तेल या गिअरबॉक्समध्ये घातलं तर ती औषधं आतल्या पितळी कड्यांना खातात आणि गिअर टाकताना खरखर सुरू होते. तिथे सौम्य, GL-4 लागतं. आणि या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये साखळी होती. तिला लागतं ATF, म्हणजे पातळ लाल तेल, ऑटोमॅटिक गाड्यांत असतं ते. त्या जागी खोपकरने नव्वद नंबरचा चिकटा भरला होता.

"फोर-बाय-फोरचा दांडा दोन हातांनी वढावा लागतो," दत्ता मागून म्हणाला. "मी बोललेलो."

"तो नेमीच रडतो," नाखवा म्हणाले.

"रडत नव्हता, सांगत होता," मी म्हणाले. "गाडी खड्ड्यावर घ्या."

गॅरेजमधला खड्डा म्हणजे जमिनीत खणलेली चर. गाडी वर उभी करायची, माणूस खाली उतरतो. मी साडीचा पदर खोचला आणि उतरले. खोपकर "मॅडम, मी करतो ना" म्हणत मागे आला. त्याला पाना धरायला लावला.

एक्सलच्या पोटाला दोन बुचं असतात. एक तळाशी, तेल काढायचं. दुसरं मध्यावर, तेल भरायचं. मध्यावरच्या भोकातून तेल भरत जायचं. ते भोकाच्या काठाला आलं की बाहेर सांडायला लागतं. थांबायचं. तीच लेव्हल. सपाट जागेवर त्याच्या वर तेल भरताच येत नाही, माणूस कितीही हुशार असो.

"बाटलीतलं तेल काढल्यावर यात नवं कोणी भरलं?"

"मी," खोपकर म्हणाला. "नाखवांच्या समोर. काठापर्यंत. मग गाडी परत रॅम्पवर गेली."

"बरं. मधलं बूच खोल."

त्याने पाना फिरवला. आधी फुस्स असा आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. मग बूच निघालं आणि त्या भोकातून पांढरी धार लागली. खोपकरच्या पायावर, खड्ड्याच्या भिंतीवर. तो घाईने बूच परत लावायला गेला.

"हात लावू नकोस. वाहू दे."

धार वाहत राहिली. चांगली वाहिली. मी खालूनच नाखवांना हाक मारली. "वाकून बघा. हे तेल भोकाच्या वरपर्यंत भरलेलं होतं. बघताय ना?"

"बघतो ना. पानीच हाय."

"पाणीच आहे. आता मला सांगा, चोराने पाणी घातलं असतं तर कुठून घातलं असतं?"

"ह्याच भोकातून."

"मग या भोकाच्या वर पाणी चढलं कसं?"

खोपकर माझ्याकडे बघायला लागला. त्याला कळलं होतं. आयुष्यभर बुचं खोलली होती त्याने, पण कधी असा विचार करायची वेळ आली नव्हती.

"बूच बंद असताना पाणी आत आलंय, नाखवा. दुसऱ्या वाटेने. आणि चोरायचंच असतं तर माणूस इंजिन ऑइल चोरतो. मागच्या एक्सलखाली चिखलात उताणं झोपून वास मारणारं तेल कोण चोरील?"

"पन दुसरी वाट हायच कुठं?" नाखवा चिडून म्हणाले. "सगळा बंद हाय. मी सोता बंद केलाय!"

मी वर बघितलं. "तुम्ही स्वतः काय बंद केलंत?"

आणि त्यांनी अभिमानाने सांगितलं. गाडी घेतल्यावर मासळीचे क्रेट बसावेत म्हणून त्यांनी मागचा हौदा बदलून घेतला होता. त्या कामात एक्सलच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक उघडं पडलं. ते नाखवांच्या नजरेतून सुटलं नाही. होडीला वापरतात ती पुट्टी त्यांनी भरली, घासून गुळगुळीत केली, वर काळा रंग मारला. "पान्यात जानारी गारी. भोक उघडा ठेवून चालेल काय?"

मी बॅटरीचा प्रकाश मारला. पुढच्या एक्सलवर तसल्याच भोकाला रबरी नळी बसवलेली होती, ती वर इंजिनच्या बाजूला उंच नेलेली. पहिल्या मालकाने केलेलं काम. मागच्या एक्सलवर नळीचा पत्ता नव्हता. तिथे एक गुळगुळीत काळा उंचवटा होता. एवढ्या सफाईने बुजवलेला, की मला माहीत नसतं तर मीही तो एक्सलचाच भाग समजले असते.

त्या भोकाला ब्रीदर म्हणतात. एक्सलचं नाक. गाडी पळाली की एक्सल तापतो, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट बंद केली तर हवा चाकांजवळच्या रबरी सीलवर जोर करते आणि सीलचे ओठ फाकतात. मग तीच तापलेली गाडी थंड खाडीत उतरली की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. नाकाने ओढता येत नाही, म्हणून फाकलेल्या सीलमधून ओढते. तिथे बाहेर काय असतं? खाडी. पुढे ते पाणी आणि तेल दात्यांमध्ये घुसळलं गेलं की झालं दूध.

पाणी आत जाऊ नये म्हणून जी पुट्टी भरली, तिनेच पाणी आत आणलं होतं.

चूक कशी झाली ते मला समजलं, हे कबूल करते. होडीवर आयुष्य गेलेला माणूस. पाण्याच्या रेषेखाली भोक दिसलं की त्याचा हात तिकडे जाणारच. होडीच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहे. पण होडीचं लाकूड पळून पळून तापत नाही, आणि होडी श्वास घेत नाही. न कळलेल्या गोष्टीला मी कोणाला दोष देत नाही. न विचारता दुसऱ्याला चोर ठरवण्याला देते. गाडीत पाणी शिरलं, तर यांनी आधी महाग तेल आणलं, मग आणखी महाग आणलं, मग माणूस पकडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"मागचं चाक काढ," मी खोपकरला म्हटलं.

चाक निघालं, ब्रेकचा ड्रम निघाला. आत ब्रेकच्या पट्ट्या तेलाने निथळत होत्या. सीलमधून बाहेर आलेलं तेल सगळं तिथे जमलं होतं. तेल लागलेला ब्रेक धरत नाही, एवढं तर सायकलवाल्यालाही कळतं.

"ब्रेकचा पन मी बोललो होतो," दत्ता हळूच म्हणाला. "उतरनीला वास मारतो, गारी सरकते बोललो."

मग माझा आवाज चढला. शेजारच्या गॅरेजमधली माणसं येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही. "नाखवा, रॅम्पवर गाडी उलटी उतरते. मागे होडी बांधलेली. खाली तुमचीच माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून रेटा देत असतात. गाडी त्यांच्या अंगावर गेली असती, तर मग कोणाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली असतीत?"

नाखवांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. मग मला बाजूला बोलावून खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, सील गेला एवडाच लिवा ना. पुट्टीचा कशाला? जुन्या गाडीचा सील जातोच."

सकाळी भेसळ लिहून हवी होती, आता सील लिहून हवं होतं. मी म्हटलं, "लिहीन तेव्हा सगळं लिहीन. आणि तुम्हाला नको असेल तर मीटिंगला येऊन तोंडाने सांगीन."

मग तेलं निवडायचं काम राहिलं. खोपकरला पहिली ताकीद दिली, ड्रमला हात लावायचा नाही. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कंपनीचं मॅन्युअल होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी कोरं. पहिल्या मालकाने उघडलं नव्हतं, सोसायटीने उघडलं नव्हतं, खोपकरने तर नाहीच. कुठल्या पोटात काय घालायचं ते त्यात सरळ छापलेलं असतं. लोक गॅरेजवाल्याला विचारतात, शेजाऱ्याला विचारतात, यूट्यूबवर विचारतात.

दोन्ही एक्सलला 75W-90, GL-5. पहिला आकडा तेल गार असताना किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती जाड राहतं ते. नाखवांना अजून एकशेचाळीसचीच आस होती. त्यांना सांगितलं, तेवढं जाड तेल घातलं तर गाडी पहाटे जागेवरून हलताना कण्हेल, डिझेल जास्त पिईल, आणि पाणी शिरायचं तर तरीही शिरेल. गिअरबॉक्सला GL-4. ट्रान्सफर केस दोनदा धुऊन काढली, मग लाल ATF. इंजिनचं तेल तर मी स्वतः जाऊन आणलं. खोपकर त्यात जुन्या ट्रकांचं तेल घालत होता. या नव्या डिझेल इंजिनांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि जुन्या पद्धतीच्या तेलाची राख त्यात अडकून तो तुंबतो. डॅशबोर्डवर त्याचा पिवळा दिवा लागलेला होता. खोपकर म्हणाला, "तो सेन्सरचा प्रॉब्लेम असतो मॅडम, मी वायर काढणारच होतो." ऐकून मी एक खुर्ची मागवली आणि बसले.

ब्रेकच्या पट्ट्या नव्या. दोन्ही सील नवी. पुट्टी छिन्नीने फोडून काढली, भोक साफ केलं, रबरी नळी बसवून हौद्याच्या वर, पाणी कधी पोचणार नाही अशा उंचीवर नेली. नळीच्या तोंडाला उलटी टोपी. आता एक्सलचं नाक पाण्याच्या वर होतं.

तरी नाखवा म्हणाले, "बघू. परत दूध झाला तर?"

"तर दत्ता चोर आणि मी त्याची साथीदार. बुचांवर तुमच्या हाताने रंगाची खूण करा. कोणी खोललं तर रंग तुटेल."

त्यांनी केली. खरंच केली.

मीटिंगच्या आदल्या दिवशी भरतीला मी जेट्टीवर गेले. गाडी बर्फ टाकून आलेली, तापलेली. दत्ताने ती उलटी रॅम्पवरून पाण्यात घातली. मागचा एक्सल पूर्ण बुडाला. दुरुस्तीला काढायची एक होडी दोराने बांधली, माणसांनी आवाज टाकला आणि गाडी तिला घेऊन वर आली. कुठे घसरली नाही, सरकली नाही. फोर-बाय-फोरचा दांडा एका हाताने पडला, ते मी काचेतून बघितलं. असं आणखी एका होडीचं झालं. मग वर सपाट जागेवर गाडी उभी केली आणि मी नाखवांनाच खूण तपासायला लावली. रंग जसाच्या तसा होता. खोपकरला बोलावलं होतं. त्याने मधलं बूच खोललं. फुस्स नाही, धार नाही. बोट घालून त्याने तेल काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. मधासारखं.

मासळीची टोपली घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग दत्तूनं काय चोरलान?"

रविवारी मीटिंगला मला बोलावलं नव्हतं. मी गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये पंख्याखाली सतरंज्या, पुढे खुर्च्या. दत्ता मागे भिंतीला टेकून बसला होता. नाखवा उठले आणि म्हणाले, "गारीचा थोडा टेक्निकल प्रॉब्लेम होता. जरा गैरसमज झाला. आता सगळा बरा हाय. दत्ता उद्यापासून कामावर येईल. चा घ्या सगळ्यांनी."

कपबशा वाजायला लागल्या. विषय संपलासुद्धा!

मी उभी राहिले. "नाखवा, गैरसमज कसला? देवळात तुम्ही गैरसमज म्हणाला नव्हतात. चोर म्हणाला होतात. चोर शब्द तोंडाने बोललात, आता पुट्टी शब्दही तोंडाने बोला."

नाखवांची मान लाल झाली. मोठा माणूस, कोळीवाड्यात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नाही, आणि बाहेरची बाई त्यांच्याच हॉलमध्ये उभी राहून बोलतेय. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "भोक मी बुजवलेला. पुट्टी माजी होती."

आणि लोक हसले. मला हे सगळ्यात जास्त लागलं. राग नाही, लाज नाही, नुसते हसले. कोणीतरी म्हणालं, "नाखवा, एक्सलला होडी समजले काय!" पुन्हा हसले. नाखवाही हसले. चहा फिरायला लागला. सगळ्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

दत्ता उठून पुढे आला. पिकअपची चावी त्याने नाखवांच्या समोर टेबलावर ठेवली.

"अरे, तुला काढला नाय आता," नाखवा म्हणाले. "उद्यापासून ये बोललो ना."

"माजी पोर रोज इचारते, बाबा, तू हात का नाय ठेवलास? शालेत पोरा तिला इचारतात. ती मना इचारते." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमी हितं हसलात, झाला तुमचा. तिला काय सांगू? पुट्टी होती म्हनून?"

कोणी हसलं नाही. तो चपला घालून निघून गेला.

दत्ता आता कळंबोलीहून पोलादाचे ट्रेलर चालवतो. भाडं पुण्याकडे असतं. सोसायटीने दुसरा ड्रायव्हर ठेवला. पिकअप उत्तम चालते. तिचं तेल मी अजून तपासते, आणि ते स्वच्छ असतं. नाखवांनी मध्यंतरी माझ्याकडे पापलेटं पाठवली होती, चांगली ताजी. मी आणणाऱ्याबरोबर परत पाठवली. नंतर ते स्वतः येऊन म्हणाले, "म्याडम, एवडा काय राग? चूक सुधारली ना आमी." मी म्हटलं, एक्सलची सुधारली.

गाडीचं तेल पांढरं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. इथवर तुमचं बरोबर. पुढचं काम म्हणजे गाडीखाली उताणं झोपायचं आणि ते कुठून शिरलं ते बघायचं. अंगाला तेल लागतं, कपडे खराब होतात, म्हणून कोणाला ते करायचं नसतं. नसेल करायचं तर नका करू. पण मग कोणाचं पोर घरून बोलावून आणून देवळात उभं करू नका.